आकडा, लिपी, कायदा आणि चौथीचा वर्ग

मंगोलियन आणि झुलू या दोन भाषांची तुलना करायला बसलोय म्हटल्यावर घरच्यांनीच विचारलं, "दुसरं काही सुचलं नाही का?" प्रश्न बरोबर आहे. एक भाषा आशियातल्या थंड माळरानावरची, दुसरी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. दोघींचं नातं नाही, गोत नाही, कधी भेटही नाही.

पण आपल्याकडे मराठीवर वाद निघाला की तीन वाक्यं हमखास येतात, मग तो चहाच्या टपरीवर असो नाहीतर नगरपालिकेच्या सभेत. पहिलं, "एवढे कोटी लोक बोलतात, भाषेला काय होतंय?" दुसरं, "लिपी जपली की भाषा जपली." तिसरं, "सरकारनं एकदा कायदा केला पाहिजे, बस." वीस वर्षं बातमीदारीत ही वाक्यं इतक्या वेळा लिहून घेतलीत की आता ती ऐकताना पेन हलत नाही. ती खरी की खोटी हे तपासायचं तर आपल्या भांडणाबाहेरची उदाहरणं बघावीत, म्हणजे कुणाला राग यायला नको. त्यासाठी या दोघींइतकी चांगली जोडी मला दुसरी सापडली नाही. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला तालुक्याचा बातमीदार आहे. तेव्हा आधी साध्या गोष्टींपासून सुरू करू.

मंगोलियन भाषेत "मी पुस्तक वाचत आहे" हे कसं म्हणतात बघा. "बी नोम उन्शिज बाइन." बी म्हणजे मी, नोम म्हणजे पुस्तक, उन्शिज म्हणजे वाचत, बाइन म्हणजे आहे. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम जसाच्या तसा आपला. त्यांच्या तंबूच्या घराला ते "गेर" म्हणतात. गेर्त म्हणजे घरात, गेरेस म्हणजे घरातून. आपल्यासारखाच शब्दाच्या मागे प्रत्यय लागतो. गेर आणि घर सारखे वाटतात तो मात्र निव्वळ योगायोग, त्यावरून कुणी इतिहास रचू नये.

गंमत पुढे आहे. तोच "पासून"चा प्रत्यय गेरला लागला की गेरेस होतो, गर म्हणजे हात, त्याला लागला की गरास, आणि नोमला लागला की नोमोस. म्हणजे शब्दात जसा स्वर, तसा प्रत्ययाचा स्वर. त्यांच्या व्याकरणात स्वरांचे नर आणि मादी असे दोन गट आहेत, आणि अस्सल मंगोल शब्दात ते दोन गट एकत्र नांदत नाहीत.

झुलूचं सगळं उलट. आपण शब्दाची शेपटी बदलतो, झुलू तोंड बदलते. "उमुन्तू ओम्खुलू उयाहाम्बा" म्हणजे मोठा माणूस चाललाय. आता अनेकवचन करा: "अबान्तू अबाखुलू बायाहाम्बा." नामाचं तोंड बदललं की विशेषणाचं आणि क्रियापदाचंही बदलतं. आपल्याकडे चांगला मुलगा आला, चांगली मुलगी आली, चांगलं मूल आलं, असं होतं ना, तोच प्रकार, फक्त पुढच्या टोकाला. आपली लिंगं तीन, त्यांचे नामांचे वर्ग पंधराच्या आसपास. भाषेच्या नावाला "इसि" लागतं, म्हणून ती इसिझुलू. माणसं अमाझुलू, प्रदेश क्वाझुलू. घर म्हणजे इखाया आणि घरी म्हणजे एखाया, पहिलं अक्षर बदललं की काम झालं. घरी जातो, घरी आहे, घरून येतो, तिन्हींना एखायाच चालतं. बाकीचं क्रियापद सांगतं.

शिवाय झुलूत तीन टिचक्या आहेत. कुणाचं वाईट ऐकल्यावर आपण जिभेनं "च्च च्च" करतो, ती एक. बैल हाकताना गाडीवान गालातून जो आवाज काढतो, ती दुसरी. आणि जीभ टाळ्याला लावून बूच उघडल्यासारखा "टॉक" करतो, ती तिसरी. आपल्याकडे ते नुसते आवाज, त्यांच्याकडे ती व्यंजनं, शब्दांत बसलेली. नागरीत त्यांना अक्षर नाही. हे आवाज झुलूनं शेजारच्या खोई आणि सान लोकांच्या भाषांतून घेतले. त्यामागे एक कारण असं सांगितलं जातं की, झुलू घरातल्या सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इतकंच नव्हे तर त्या नावातली अक्षरं ज्या साध्या शब्दांत येतात तेही टाळायचे. या रीतीला ह्लोनिपा म्हणतात. मग पर्यायी शब्द हवे, परके आवाज हवे, आणि ते शेजाऱ्यांकडून आले. नवऱ्याचं नाव तोंडानं न घेणाऱ्या, उखाण्यातूनच घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात. त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मंगोलियनमध्ये तर आपल्याकडचा माल सापडतो. बौद्ध धर्माबरोबर तिबेटी आणि उइगुर वाटेनं संस्कृत शब्द तिथे गेले. मंगोल शाळेतलं पोर आजही ग्रहांची नावं म्हणतं ती अशी: बुद, सुगर, अंगाराग, बारखसबाद, सांचिर. बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती, शनैश्चर! आपण मंगळाला मंगळ म्हणून अंगारक फक्त चतुर्थीपुरता ठेवला, त्यांनी तो रोजच्या वापरात ठेवला. कवितेला ते शुलेग म्हणतात, मूळ शब्द श्लोक.

आता पहिलं वाक्य घ्या, आकड्याचं.

मंगोलिया देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. म्हणजे एका पुणे शहराएवढी माणसं, आणि जमीन महाराष्ट्राच्या पाचपट. एवढ्याशा लोकांच्या भाषेत संसद चालते, कोर्ट चालतं, टीव्ही चालतो आणि विद्यापीठ चालतं. मेंढ्या-घोडे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेच्या वसतिगृहात राहून शिकतात, मंगोलियनमधूनच. साक्षरता जवळपास ९८ टक्के.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत झुलू ही सगळ्यात जास्त घरांत बोलली जाणारी भाषा. २०२२ च्या जनगणनेत शंभरातल्या चोवीस जणांच्या घरची भाषा झुलू, इंग्रजी नऊ जणांचीही नाही. देश सहा कोटींचा, तेव्हा झुलू दीड कोटीच्या घरात. मंगोलियाच्या चौपट. पण बहुतेक झुलू पोरांची शाळा तिसरीपर्यंत झुलूतून आणि चौथीला एकदम इंग्रजीतून, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, मॅट्रिकचा पेपर इंग्रजीत. वर्गात मास्तर समजावतो झुलूत आणि फळ्यावर लिहितो इंग्रजीत. वाचताना ओळखीचं वाटलं ना? आपल्या तालुक्यात इंग्रजी माध्यमाची पाटी लावलेल्या किती शाळांत असंच चालतं, हे पालकांनाही माहीत आहे आणि मास्तरांनाही.

म्हणजे पस्तीस लाखांच्या भाषेत पोरगं डॉक्टर होतं आणि दीड कोटींच्या भाषेत ते पाचवीचं विज्ञान शिकत नाही. आकड्याचा मुद्दा इथेच संपला.

दुसरं वाक्य लिपीचं.

मंगोल लोकांची जुनी लिपी उभी. वरून खाली लिहायची, ओळी डावीकडून उजवीकडे सरकणार. परंपरा सांगते की चंगीझ खानानं १२०४ मध्ये नैमन टोळीला हरवलं, तेव्हा तिचा उइगुर कारकून हाती लागला आणि त्याच्याकडून ही लिपी मंगोलांनी घेतली. पुढे कुबलाई खानानं फाग्स्पा नावाच्या तिबेटी भिक्षूकडून नवी चौकोनी लिपी करवून घेतली आणि १२६९ मध्ये ती जाहीर केली. तिबेटीवरून बेतलेली, म्हणजे ब्राह्मीच्याच घराण्यातली, आपल्या नागरीची लांबची बहीण. बादशहाचा हुकूम होता, तरी राज्य गेल्यावर तीही मागे पडली आणि उभी लिपी टिकली.

मग विसाव्या शतकात मॉस्कोचा वारा आला. १९४१ च्या फेब्रुवारीत मंगोलियानं लॅटिन लिपीचा निर्णय घेतला आणि दोन महिन्यांच्या आत तो फिरवून रशियन पद्धतीची सिरिलिक लिपी ठरवली. सिरिलिकमध्ये दोन जादा अक्षरं घातली आणि १९४६ पासून सगळा कारभार त्यात. एका पिढीत आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. १९९० मध्ये लोकशाही आली तेव्हा जुन्या लिपीची चळवळ उठली. १९९४ पर्यंत ती परत आणायचं ठरलं, पण जमलं नाही. आता १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागद दोन्ही लिप्यांत काढायचा कायदा लागू झालाय. तरी भाषा म्हणून मंगोलियनचं मधल्या काळात काय बिघडलं? लिपी गेली याचं दुःख मोठं आहे, जुन्या ग्रंथांशी नाळ तुटली. पण भाषा शाळेतून गेली नाही, म्हणून ती जगली.

उलटं चित्र सीमेपलीकडे, चीनच्या ताब्यातल्या इनर मंगोलियात. तिथे मंगोल बेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे खुद्द मंगोलियापेक्षा जास्त, पण प्रांतात शंभरातले सतरा-अठराच. त्यांनी उभी लिपी कधी सोडली नाही. दुकानाच्या पाट्यांवर ती आहे, चिनी नोटेच्या मागच्या बाजूलाही आहे. आणि २०२० च्या ऑगस्टअखेर फर्मान निघालं की भाषा-साहित्य, राजकारण आणि इतिहास हे तीन विषय चिनी भाषेतल्या राष्ट्रीय पुस्तकांतून शिकवायचे. पालकांनी मुलांना शाळेतून घरी नेलं, हजारोंनी बहिष्कार टाकला. मंगोल भाषेतलं एक समाजमाध्यम होतं, बाइनू, ते त्याच सुमारास बंद पडलं. उलानबातरमध्येही लोक रस्त्यावर आले. फर्मान मागे गेलं नाही, उलट मंगोल माध्यम पुढे आणखी आकसलं. नोटेवर लिपी आहे आणि वर्गात भाषा आकसते आहे, तर त्या लिपीचं पोरानं काय करायचं?

आपली मोडी आठवा. शाळेतून गेली, तहसीलमधले जुने कागद वाचायला आता माणूस शोधावा लागतो. नुकसान झालंच. पण मराठी मोडीबरोबर गेली नाही.

तिसरं वाक्य कायद्याचं. इथे झुलूची गोष्ट जरा सावकाश ऐका, कारण ती आपल्या नेहमीच्या भाषणात बसत नाही.

झुलू लिहिली गेली ती एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या हातून, लॅटिन अक्षरांत. पूर्ण बायबल १८८३ मध्ये आलं. पण लवकरच झुलू माणसानं लेखणी स्वतःच्या हाती घेतली. जॉन दुबे यांनी १९०३ मध्ये नाताळमध्ये "इलांगा लासे नाताल" हे वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी त्याच नाताळमध्ये गांधीजींचं "इंडियन ओपिनियन" सुरू झालं, इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळमधून. पुढच्याच वर्षी गांधीजींचा फिनिक्स आश्रम दुबेंच्या शाळेपासून जवळच उभा राहिला. हेच दुबे १९१२ मध्ये पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. झुलूतली पहिली कादंबरीही त्यांचीच, १९३० ची.

अशी भाषा शाळेत वर चढायला हवी होती. पण १९५३ मध्ये गोऱ्या सरकारनं बांटू शिक्षण कायदा आणला. त्याखाली काळ्या मुलांना प्राथमिकची आठ वर्षं मातृभाषेतून शिक्षण! ऐकायला किती छान. हेतू मात्र असा, की या मुलांनी मजुरीपुरतंच शिकावं, गोऱ्यांच्या जगाकडे बघू नये. मातृभाषा दिली, पण तिच्यासोबत पुस्तकं दिली नाहीत, प्रयोगशाळा दिली नाही, पुढचा रस्ता दिला नाही. पुढे सत्तरच्या दशकात वरच्या वर्गांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती आली. १६ जून १९७६ ला सोवेटोची पोरं शाळेच्या गणवेशात रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. पुढच्या काळात शेकडो मारले गेले.

लक्षात घ्या, ती पोरं "झुलूतून शिकवा" म्हणून मेली नाहीत. त्यांना आफ्रिकान्स नको होती आणि त्यांच्या नजरेत सुटकेचा दरवाजा इंग्रजी होता. मातृभाषेची शाळा म्हणजे दुय्यम शाळा, हे वर्णभेदानं त्यांच्या आईबापांच्या मनात इतकं पक्कं बसवलं की १९९६ च्या राज्यघटनेनं झुलूसह अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला, तरी पालक इंग्रजीच्या रांगेत उभे राहिले. कायदा कागदावर आला, विश्वास परत आला नाही.

आणि तो विश्वास का येत नाही, याचंही उत्तर आहे. २०२१ मध्ये चौथीच्या मुलांची वाचनाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. दक्षिण आफ्रिकेत शंभरातल्या एक्क्याऐंशी मुलांना वाचलेलं समजत नव्हतं. कोरोनाचा काळ होता हे खरं, पण त्याआधी २०१६ मध्येही आकडा अठ्ठ्याहत्तर होता. आणि ही चाचणी इंग्रजीतून लादलेली नव्हती, शाळेत पहिली ते तिसरी ज्या भाषेतून शिकवलं त्याच भाषेतून घेतलेली होती. म्हणजे झुलू शाळेतल्या पोराला झुलूतलंच वाचलेलं कळत नव्हतं. तेव्हा केवळ माध्यम मातृभाषा ठेवलं की झालं, असं म्हणणाऱ्यांनीही हा आकडा गिळला पाहिजे. गोष्टीची पुस्तकं, वाचायला शिकवता येणारा मास्तर आणि शिकल्याचा पुढे उपयोग, हे तिन्ही नसेल तर आईची भाषाही वर्गात परकी होते.

तिकडे आता हालचाल आहे. २०१४ पासून क्वाझुलू-नाताल विद्यापीठात झुलू न येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला झुलूचा एक अभ्यासक्रम करावा लागतो. २०२५ पासून चौथीत गणित-विज्ञान मातृभाषा आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवायला सरकारनं सुरुवात केलीय. डर्बनहून २००२ मध्ये सुरू झालेलं "इसोलेझ्वे" हे झुलू दैनिक लोकांनी उचलून धरलं, म्हणजे वाचणारा माणूस आहे, त्याला त्याच्या उपयोगाचं छापून द्या, तो पैसे देतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही बातमी जरा बळ देते.

आता आपलं. २०११ च्या जनगणनेत मराठी ८ कोटी ३० लाख. लिपी सुरक्षित. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला, गावात पेढे वाटले, मीच बातमी केली. आकडा, लिपी, कायदा, तिन्ही खिशात आहेत. त्याच आठवड्यात माझी मुलगी प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाठ करत होती, सेमी इंग्रजीच्या पुस्तकातून. इंग्रजी शब्द तोंडपाठ, मराठी शब्दही कानावरून गेलेला. म्हटलं, "म्हणजे झाड नेमकं काय करतं गं?" तर म्हणाली, "बाबा, ते परीक्षेत विचारत नाहीत." मी तिला घेऊन परसातल्या कढीपत्त्यापाशी गेलो, पान दाखवलं, ऊन दाखवलं, पाच मिनिटांत तिला कळलं. ज्या भाषेत कळलं ती आमची घरातली होती. पण माझ्यासारखा दुपारी घरी असणारा बाप सगळ्या पोरांना नसतो, आणि ते काम शाळेचं आहे.

म्हणून या पोस्टचा शेवट मराठी वाचवा असा करत नाही. ते वाक्यही खूप झालं. एवढंच सांगतो की आपल्या गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. ती बैठक कधी असते हे माहीत नसेल तर हेडमास्तरांना विचारा, तुमचा हक्क आहे. तिथे दोनच प्रश्न विचारा. चौथीच्या वर्गातल्या किती मुलांना न शिकवलेला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगता येतो? आणि पाठ्यपुस्तक सोडून मुलांच्या हातात पडतील अशी मराठी पुस्तकं शाळेत किती आहेत, कपाटात कुलूपबंद नव्हे, हातात? माध्यम मराठी असो की इंग्रजी, दोन्ही शाळांत विचारा.

उत्तरं मिळाली की खाली कॉमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, गाव आणि आकडा पुरे. पंचवीस-तीस गावांचं जमलं तर मी त्याची बातमी करतो. छापून येईल याची काळजी माझी.